प्रतिभा त्रिभुवन आणि चुकलेलं गाव

प्रतिभा त्रिभुवनला भांडायला माणूस लागत नाही, नुसता विषय पुरतो. बाप्तिस्म्याचं पाणी डोक्यावर पडलं की बाकीची लेकरं भोकाड पसरतात; हिनं फादरांची दाढी धरली. दोघीतिघींनी मिळून बोटं सोडवली तेव्हा कुठे फादर सुटले. तिची आई नवसाबाई हे अजून येईल त्याला सांगते आणि वर म्हणते, "तेव्हाच कळायला हवं होतं मला."

बाप गोटीराम ओझरच्या विमानाच्या कारखान्यात फिटर. बाप आठवडाभर नट आवळायचा आणि लेक रविवारी चर्चमध्ये जाऊन सिस्टरला पिळायची. एकदा धर्मशिक्षणाच्या वर्गात सिस्टर सांगत होत्या, देवानं आदामाला गाढ झोप आणली, त्याची फासळी काढली आणि हव्वा घडवली. तर ही एवढीशी चिमुरडी, दोन वेण्या, पुढचा दात पडलेला, उभी राहून विचारते, "सिस्टर, उठल्यावर त्याला विचारलं का, ही पसंत आहे का म्हणून? आणि तिला?"

सिस्टर म्हणाल्या, बाहेर उभी राहा. राहिली. वर्ग सुटला, पोरं घरी गेली, ही तिथंच. "उत्तर मिळाल्याशिवाय हलणार नाही," म्हणे. शेवटी गोटीरामनं तिला उचलून सायकलच्या कॅरियरवर टाकली. वाटेत तो एवढंच म्हणाला, "पोरी, प्रश्न बरोबर होता. पण सिस्टरला जेवायचं असतं."

अशी मुलगी वकील होणार नाही तर काय भजनी मंडळात बसणार? एलएलबी झाली, नाशिकच्या कोर्टात काळा कोट घालून फिरायला लागली. नवराबायकोची भांडणं तिच्याकडे रांग लावून यायची. त्यातच एक कॅथलिक बाई आली. सरकारी कोर्टात घटस्फोट झाला तिचा, आणि पेढे द्यायच्या ऐवजी रडतच विचारते, "मॅडम, पण चर्चमध्ये माझं काय?" प्रतिभाला सांगता येईना. तिनं फादरांना विचारलं. फादर म्हणाले, ते चर्चचं कोर्ट बघतं. चर्चला स्वतःचं कोर्ट आहे, स्वतःचा कायदा आहे, वकील आहेत, अपील आहे, आणि जन्माची कॅथलिक, वर वकील, अशा आपल्याला ते ठाऊकच नाही! प्रतिभाच्या नाकाला एवढी मिरची कधीच झोंबली नव्हती. निघाली बंगलोरला, कॅनन लॉ, म्हणजे चर्चचा तो कायदा, शिकायला.

नवसाबाईनं डोक्याला हात लावला. "तिशी उलटली. आता लग्न करायचं सोडून लग्नाचा कायदा शिकणार?"

"आई, आचारी कधी पंगतीत बसतो का?"

बंगलोरला वर्गभर पांढरे झगे. पहिल्या दिवशी हजेरी घेताना प्रोफेसर सवयीनं म्हणत गेले, फादर अमुक, फादर तमुक, फादर त्रिभुवन. ही उठून म्हणाली, "हजर आहे सर, पण फादर व्हायचं जमेल असं वाटत नाही." सगळा वर्ग हसला, एक प्रोफेसर सोडून. पण वर्षअखेर त्याच प्रोफेसरनं तिला रोमला डॉक्टरेट करायला पाठवायची शिफारस केली. वर्गात ठेवून घेण्यापेक्षा रोमला पाठवलेली बरी, असंही वाटलं असेल बिचाऱ्याला.

आणि रोमला जाऊन हिनं डॉक्टरेट कशावर केली? चुकीवर! खोटं वाटेल, पण चर्चच्या कायद्यात चुकीचा एक नियम आहे. एखाद्या फादरांना काही करायचा अधिकार नाही, पण साऱ्या गावाला, योग्य कारणानं, मनापासून वाटतंय की आहे. तर लोकांचं नुकसान होऊ नये म्हणून तो अधिकार चर्च स्वतः पुरवतं. त्या एका ओळीवर या बाईनं जाडजूड ठोकळा लिहिला. लॅटिन, इटालियन, काय काय.

सुट्टीला आली तेव्हा नवसाबाई भाकरी थापता थापता म्हणाली, "म्हणजे चुकलं तरी चालतं?"

"एकटा माणूस चुकला तर नाही चालत. सगळं गाव चुकलं तर चालतं."

"अगं, मग पाचामुखी परमेश्वर! एवढ्यासाठी विमानानं गेलीस? तुझी आजी चुलीपुढं बसून सांगायची."

परत आल्यावर गंगापूर रोडला वन बीएचके घेतला, जुनी स्कूटी बाहेर काढली, आणि चर्चच्या लग्नाच्या कोर्टात तिला एक पद मिळालं. पदाचं नाव लांबलचक आहे, पण अर्थ सोपा. कुणी येऊन म्हणालं, आमचं लग्न मुळात लागलंच नव्हतं, तर त्या लग्नाच्या बाजूनं कुणीतरी उभं राहायला हवं. बंधनाची राखणदार. लोक विचारायचे, "म्हणजे तुम्ही नवऱ्याच्या वकील?" नाही. "बायकोच्या?" नाही. "मग?" "लग्नाची." लोक तिच्या रिकाम्या बोटाकडे बघायचे. तिला सगळं दिसायचं. "बघा बघा," म्हणायची, "राखणदार शेतातली केळी खात नाही, म्हणून तर मालक ठेवतो."

तर हे सगळं सुरळीत चाललं होतं, आणि एक दिवस कोर्टाच्या आवारात छोटा हत्ती टेम्पो येऊन थांबला. मागे मेथीच्या आणि कोथिंबिरीच्या जुड्या, वर ओलं गोणपाट. गाडी चालवत होती एक तिशीची बाई, पंजाबी ड्रेस, ओढणी कमरेला खोचलेली. मार्केटवरून थेट आली होती. ही हर्षाली. सध्या माहेरी राहणार, हिवरवाडीला, धरणाच्या अंगाला. तिथं पंधरावीस कॅथलिक घरं, सगळी भाजी आणि फुलं करणारी.

हर्षालीच्या नवऱ्यानं, जीवननं, अर्ज केला होता. जीवन पुण्याला कंपनीत. दोन वर्षांपासून तिथं दुसऱ्या एका बाईबरोबर राहत होता, हे साऱ्या दुनियेला ठाऊक. आता त्या बाईच्या घरच्यांना चर्चमध्ये वाजतगाजत लग्न हवं होतं. मग जीवननं जुनं उकरून काढलं. त्याचं आणि हर्षालीचं लग्न लावलं होतं फादर शेखर यांनी. हर्षालीच्या आईचे मावसभाऊ, म्हणजे तिचे मामा. ते तर विदर्भातल्या मिशनवरचे, रजेवर आलेले. चर्चचा नियम असा की बाहेरच्या फादरांना लग्न लावायचं तर तिथल्या फादरांनी त्यांना स्पष्ट परवानगी द्यावी लागते. नुसतं 'ते काय आपले घरचेच' असं चालत नाही. आणि परवानगी कुणी दिलीच नव्हती! हिवरवाडीचे मोठे फादर तेव्हा बायपासच्या ऑपरेशनला दवाखान्यात. कुणाच्या ध्यानात यावं?

हर्षाली खुर्चीच्या कडेवर बसली. म्हणाली, "ताई, आमच्याकडं एक फादर समजावायला आलते. म्हणे, काळजी करू नको, लग्न रद्द झालं तरी आरोही तुझी हक्काची मुलगी, तिच्या नावाला बट्टा नाय. मी म्हटलं, फादर, आरोहीची काळजी मला नाहीच. मी कोण होते सहा वर्षं? त्याच्या आईच्या गुडघ्याला तेल चोळलं, त्याच्या बापाला शेवटचं पाणी पाजलं. हे म्हणणार, लग्न लागलंच नव्हतं. मग मी काय पाहुणी होते?"

"नवरा परत हवाय का?" प्रतिभानं सरळच विचारलं.

"चुलीत घाला त्याला."

"मग नीट ऐक. लग्न टिकलं तर तू पण बांधलेली. जीवन जिवंत आहे तोवर चर्चमध्ये दुसरं लग्न तुलाही करता येणार नाही. रद्द झालं तर तूही मोकळी. विचार कर, घाई नाही."

"विचार करूनच आले. गाडीत दोन तास तोच तर केला." ती उठली. "झालेलं लग्न झालं म्हणा. बाकी माझं मी बघते."

मेथीची एक जुडी टेबलावर ठेवून गेली. प्रतिभानं ती कारकुनाच्या हाती परत पाठवली. कुणाची जुडी घेऊन राखण होत नाही, म्हणे. मेथी चांगली कोवळी होती, हेही ती नंतर कितीदा तरी म्हणाली.

अशा अर्जाला चर्चमध्ये आखूड वाट असते. साक्षीदार नकोत, सुनावण्या नकोत. कागदावरून दोष उघड दिसला की एकच न्यायाधीश निकाल देतो. न्यायाधीश होते फादर ज्ञानेश. माणूस सज्जन, अभ्यासू, प्रतिभाला बहिणीसारखं मानणारे, फक्त सरळ रेषेत चालणारे. प्रतिभानं आपला तो चुकीवरचा नियम दाखवून हरकत लिहून दिली. त्यांनी ती वाचली, चष्मा पुसला आणि निकाल दिला. परवानगी नव्हती, सबब लग्न लागलेलंच नाही.

दुसऱ्या दिवशी ही अपील घेऊन त्यांच्या टेबलापुढे उभी.

"प्रतिभाताई," फादर ज्ञानेश म्हणाले, "ऑफिसातल्याच माणसानं ऑफिसच्याच निकालावर अपील? बिशपसाहेब काय म्हणतील? मुंबईच्या वरच्या कोर्टातले लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. मला कायद्यानं तोंड दिलंय फादर, ते काय लिपस्टिक लावायला?"

"अहो, दोघंही सुटतील. त्या मुलीचंही भलंच आहे."

"तिचं भलं तिला विचारून ठरवू या का? आदामाच्या वेळेस राहून गेलं होतं."

फादर ज्ञानेशांना यातलं काही कळलं नाही. पण अपिलावर सही करून घेतली तिनं.

कुजबूज झालीच. एक वयस्क फादर जेवणाच्या टेबलावर म्हणाले, बाईला खुर्ची दिली की ती खुर्चीवर उभी राहते. हे प्रतिभाच्या कानावर आलं. तिनं निरोप पाठवला, "उंची कमी आहे माझी, उभी राहिल्याशिवाय दिसत नाही."

मुंबईच्या वरच्या कोर्टानं सांगितलं, प्रकरण कागदावर मिटण्यासारखं नाही. नीट चालवा, साक्षी घ्या. फादर ज्ञानेश बाजूला झाले, तीन नवे न्यायाधीश बसले. आता प्रश्न एकच उरला. त्या दिवसांत हिवरवाडीला फादर शेखर यांच्या अधिकाराबद्दल काय वाटत होतं?

प्रतिभा स्कूटीवरून गावात गेली. जागा बघावी, लोक कोण आहेत ते बघावं. चर्चच्या ओट्यावर सगळे जमलेले. लहानू तात्या, गावचे प्रचारक, म्हणजे फादर नसताना प्रार्थना घेणारे, पोरांना धर्मशिक्षण देणारे. ताठ माणूस, धोतराला इस्त्री. पुढे येऊन म्हणाले, "मॅडम, बिलकूल काळजी करू नका. आमचं ठरलंय."

"काय ठरलंय?"

"मोठ्या फादरनी दवाखान्यात खाटेवरून मला सांगितलं, लहानू, शेखर फादरला म्हणावं लाव लग्न. मी या कानानं ऐकलं."

"ऐकलं खरंच?"

"आता ऐकलं म्हणायचं. ते तर बिचारे गेले, कोण इचारतंय? आणि ह्या सगळ्यांनी माझ्याकडनं ऐकलं. घोकून घेतलंय समद्यांकडनं."

मागून दहाबारा माना एकदम हलल्या. प्रतिभानं ओट्यावर बूड टेकलं. पदर नसताना पदरानं वारा घालावा तसा हात हलवला.

"तात्या, शुभवर्तमानावर हात ठेवून खोटं बोलणार? आणि वरून पोरीचं लग्नही बुडवणार? मोठे फादर तेव्हा आयसीयूत, नळ्या घातलेले. पहिल्याच प्रश्नाला पकडले जाल. आणि परवानगी लागते हे तुम्हाला ठाऊक होतं असं म्हणालात की संपलं. मग गावाची चूक कुठं राहिली? तुमचं एकट्याचं खोटं राहिलं."

"मग काय सांगू?"

"ते मी शिकवणार नाही. शिकवलं तर माझ्यात आणि तुमच्यात फरक काय? जे होतं ते सांगा."

तात्यांचा चेहरा उतरला. "होतं म्हंजे... आमाला ठाऊकच नव्हतं, परवानगी बिरवानगी. पण असं कसं सांगायचं मॅडम? मी प्रचारक हाय. पोरांना मी शिकवतो. भर कोर्टात, तीन फादरांच्या म्होरं म्हणू, मला ठाऊक नाय?"

ओट्याच्या टोकाला फुलाबाई झेंडूचे देठ खुडत बसली होती. ती मान वर न करता म्हणाली, "तुला कवा काय ठाऊक असतंय? आमी बोलत नाय एवढंच."

सगळे हसले. तात्या हसले नाहीत. प्रतिभाही नाही हसली. बाईनं रोममध्ये चुकीवर ठोकळा लिहिला, पण माणसाला मी चुकलो म्हणायला किती जड जातं, ते त्या ठोकळ्यात एका ओळीनं नव्हतं.

साक्षी सुरू झाल्या. एकेकाला आत बोलवायचं, शपथ द्यायची, विचारायचं. जीवनच्या बाजूचे वकीलही फादरच, गुळगुळीत बोलणारे. आधी फादर शेखर आले. मोठं धिप्पाड शरीर, पण खुर्चीत मावेल तेवढं आखडून बसले. "मला वाटलं, मोठ्या फादरांची सगळी कामं माझ्याकडं आहेत तर लग्नही आलंच. मी शिकलेला माणूस, मला विचारायला हवं होतं. त्या पोरीपुढं मला तोंड नाही," म्हणाले.

मग फुलाबाई. न्यायाधीशांनी विचारलं, "फादर शेखर यांना लग्न लावायचा अधिकार आहे, असं तुम्हाला का वाटलं?"

"का म्हंजे?" फुलाबाईला प्रश्नाचाच राग आला. "माझ्या सासूला माती त्यांनी दिली. नातवाचा बाप्तिस्मा त्यांनी केला. दर ऐतवारी वेदीपुढं मिस्सा तेच करायचे. चर्चची किल्ली त्यांच्या कमरेला. मोठ्या फादरचा कुत्रा सुदिक त्यांच्याच हातची भाकर खायचा. आनि लग्नापुरतं तेवढं इचारायचं, का वो फादर, तुमाला अधिकार हाय का? तुमी आता मला प्रश्न इचारता, मी इचारलं का तुमाला?"

मधले न्यायाधीश खोकले. उजवीकडच्यांनी खाली बघितलं. प्रतिभानं ओठ दाताखाली धरले.

"पण जरा आठवा बाई," वकील फादर गोड आवाजात म्हणाले, "ते पाहुणे आहेत, रजेवर आलेत, हे तर गावाला माहीत होतं ना?"

"मामा हायेत हे माहीत व्हतं. मामा असला म्हनून फादर नसतो का?"

शेवटी लहानू तात्या. इस्त्रीचं धोतर, डोक्यावर टोपी, ती काढून काखेत. शुभवर्तमानावर हात ठेवला. न्यायाधीशांनी विचारलं, "तुम्ही प्रचारक आहात. बाहेरच्या फादरांना लग्नासाठी वेगळी परवानगी लागते, हे तुम्हाला तेव्हा माहीत होतं?"

प्रतिभाला वाटलं, गेलं. आता येणार ती दवाखान्यातली खाट. तिला हरकत घ्यायचा हक्क होता, बोलायचा हक्क होता. पण या माणसाच्या तोंडात शब्द घालायचा हक्क कुणालाच नव्हता. जन्मात पहिल्यांदा ती तोंड मिटून बसली.

तात्यांनी काखेतली टोपी हातात घेतली, पुन्हा काखेत घातली.

"नव्हतं," ते म्हणाले. "मला ठाऊक असायला पायजे व्हतं. मी दुसऱ्यांना शिकवतो. पण नव्हतं ठाऊक. मला वाटलं, ह्योच आता आमचा फादर. मीच गावात सांगत फिरलो, आपल्याला नवा फादर आला. चूक माझी हाय. लिहून घ्या. पण साहेब, गावानं लग्न लावलं ते खोटं नव्हतं. मांडव खरा व्हता. पोरीचं 'हो' खरं व्हतं."

लिहून घेणाऱ्या सिस्टरनी ते जसंच्या तसं उतरवलं.

प्रतिभानं आपलं म्हणणं उभं राहून मांडलं. उगाच लॅटिन झाडलं नाही. म्हणाली, "चर्चनं हा नियम विद्वानांसाठी केलेला नाही. विद्वान विचारून घेतात. हा नियम फुलाबाईसाठी आहे. साधी माणसं वेदीपुढं उभ्या माणसावर विश्वास ठेवतात. तो विश्वास आपल्या ऑफिसच्या ढिलाईनं मोडला, तर किंमत आपण मोजायची, त्यांनी नाही. आपली चूक आणि शिक्षा त्या मुलीला, हे मी या खुर्चीवर असेपर्यंत होऊ देणार नाही. खुर्ची काढून घेतलीत तर उभ्यानं सांगेन."

निकाल आला. लग्न अवैध असल्याचं सिद्ध झालं नाही. बंधन कायम. फादर ज्ञानेश स्वतः चालत तिच्या टेबलाशी आले, हात पुढे केला. "मी चुकलो, ताई."

"एकटेच चुकलात फादर," ती म्हणाली, "तुम्हाला सूट नाही." आणि मग कडक चहा सांगितला दोघांना.

जीवननं अपील केलं नाही. पुण्याच्या त्या बाईच्या घरच्यांचा धीर तोवर सुटला होता; त्यांनी आपल्या मुलीला घरी नेलं. मग एका रविवारी हर्षालीनं प्रतिभाला जेवायला हिवरवाडीला बोलावलं. खटला संपलाय, आता मेथी खायला हरकत नाही ना, असं बजावून. चर्चमध्ये मिस्सा झाली, हर्षालीच्या अंगणात मेथीच्या जुड्या बांधणं चाललेलं, आरोही रबरबँड पुरवत होती, आणि फाटकाशी रिक्षा थांबली. जीवनची आई, सगुणाबाई. हातात साडीची पिशवी.

"चल गं सुनबाई," सगुणाबाई पायरीवरच म्हणाल्या. "झालं गेलं विसर. आता तर कोर्टानंच सांगितलं, लग्न हाय म्हणून. मग सुनेनं घरी नको का यायला? जीवनला पण पटलंय."

प्रतिभाच्या जिभेवर कायदा नाचायला लागला. नवऱ्यानं दुसरीशी संसार मांडला तर बायकोला वेगळं राहायचा हक्क आहे, चर्चनं दिलेला. बंधन राहतं, पण नांदायची सक्ती नाही. आणि एकदा माफ करून राहायला गेली की तो हक्क संपतो. हे सगळं ती हर्षालीला आधीच फोनवर, दोनदा, कलमाच्या नंबरासकट सांगून चुकली होती. तरी तिनं तोंड उघडलंच, "हे बघा सगुणाबाई, कायद्याप्रमाणे—"

"ताई, तुम्ही थांबा," हर्षाली म्हणाली. "बोलायची पाळी माझी आहे."

डॉक्टर प्रतिभा त्रिभुवन, जिला रोमनं गप्प केलं नाही, ती हातातली जुडी घेऊन गप्प बसली. आणि बसली ती कशी, तर गालातल्या गालात हसत.

हर्षालीनं हात धुतले, ओढणीला पुसले, सासूला खुर्ची दिली. "या आई, बसा. गुडघा कसाय? तेल लावता का?"

"कोण लावणार?" सगुणाबाईंचा आवाज एकदम खाली आला.

"जीवनला सांगा. त्याचे हात मोकळेच आहेत आता." तिनं आत जाऊन गॅसवर चहा ठेवला आणि दारातून म्हणाली, "लग्न झालं होतं, मी सून आहे, म्हणून चहा घेतल्याशिवाय जाऊ देणार नाही. नांदायला मात्र येणार नाही. आरोहीला भेटायला कधीही या. त्याला आणू नका."

सगुणाबाईंनी साडीची पिशवी मांडीवरच ठेवली. चहात साखर कमी आहे म्हणाल्या. हर्षालीनं डबा पुढे सरकवला. सगुणाबाईंनी दोन चमचे घातले, चहा घेतला आणि थोडा उरला असतानाच कप पुन्हा पुढे केला. हर्षालीनं तो भरून दिला.